‘मेल्या’ची सुनावणी

लोकांच्या शिव्या वाचणं ही माझी नोकरी. मोबाइलवर खेळताना माणसं एकमेकांना जे लिहितात, त्यातलं घाणेरडं तेवढं मी म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या घरात बसून पुसते, मराठी आणि कन्नड दोन्हीतलं. आमचे पूर्वज इथंच कापड रंगवायचे, मी डाग काढते.

कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मराठी शिव्यांची यादी करून द्यायची होती. यादीतला शब्द कुणी वापरला की यंत्र तो पकडतं, आणि तीनदा पकडला की त्या माणसाचं खातं बंद. आता माझं मराठी घरापुरतं, तेही निम्मं कन्नडात भिजलेलं. माझ्या शिव्यांचं माहेर म्हणजे गावातच अग्रहार भागात राहणारी माझी आत्या. ‘मरणाची इच्छा’ असा एक रकाना होता. तो रिकामा सोडायची लाज वाटली, म्हणून आत्याचं सगळं भांडार तिथं रितं केलं: मेल्या, मुडद्या आणि आणखी बरंच. पुण्याच्या टीम लीडनं माझ्या शब्दसंपत्तीचं कौतुक केलं आणि मी चांगलीच फुशारले.

यजमान गेल्यावर आत्या एकटी राहते. गुडघे दुखतात म्हणून बाहेर पडणं बंद झालं, तेव्हा तिला फोनवरचा लुडो मीच शिकवला. तिला तिथं तीन सोबती मिळाले, एक हुबळीची बाई आणि सांगलीकडचे दोघे. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, पण दुपारी तीनला चौघं हजर. टाइप करणं तिला जमत नाही. ती फोनला बोलते आणि फोन लिहून घेतो.

एके दिवशी माझ्या पडद्यावर तक्रार आली: “मेल्या, सुम्ने बस. तुझी सोंगटी मारते बघ, घरात जाऊ देत नाही तुला.” तिसरी वेळ, खातं बंद. ‘गप्प’ला ‘सुम्ने’ म्हणणारी ही बाई अगदी आत्यासारखी बोलते म्हणून मी हसले. मग खात्यावरचा फोटो पाहिला. पितळेचा कॉफी फिल्टर, झाकणाला पोचा पडलेला. तो पोचा लहानपणी मीच पाडला होता.

तेवढ्यात आत्याचाच फोन आला. तिघांनी तिला दार लावून घेतलं, असं तिला वाटत होतं. आपण लागोपाठ जिंकलो म्हणून ते रुसले असतील, उद्या मुद्दाम हरते, पण निरोप कसा द्यायचा, असं ती विचारत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे वाक्यही यंत्रानं पकडलं असतं.

नात्यातल्या माणसाचं खातं आम्हाला उघडता येत नाही. म्हणून मी टीम लीडला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे माझीच यादी माझ्यापुढं धरली. मग म्हणाला, हा शब्द शिवी नाही असं त्या बाईंनी पटवून दिलं तर बघू, नाहीतर खातं कायमचं जाईल.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला नीट पढवलं. ‘प्रेमानं म्हणते’ एवढंच बोलायचं, बाकी काही नाही. व्हिडिओ कॉलसाठी ती रेशमी साडी नेसून बसली. टीम लीडनं विचारलं, ही शिवी आहे का?

“शिवी न्हाई तर काय, स्तोत्र आहे?” आत्या म्हणाली.

मी कपाळाला हात लावला.

“पण ती परक्याला कोण देतंय? परक्याला अहो, या, बसा म्हणायचं. ती तिघं रोज येतात माझ्याकडं. आपल्या माणसाला मेल्या म्हणायचं न्हाई तर कुणाला? अल्वा, खरं की न्हाई?”

टीम लीडला ते पटलं. खातं उघडतो, असं सांगून झाल्यावर मात्र त्या पठ्ठ्यानं आत्याला हेही सांगून टाकलं की यादीत हा शब्द घातला होता तुमच्या भाचीनं.

खातं संध्याकाळी उघडलं, शब्द यादीतून गेला. पुढच्या रविवारी मी अग्रहारात गेले तर आत्या दारातच म्हणाली, “अहो, या. बसा. कॉफी घेणार काय?” साखर वेगळ्या वाटीत आली. मी नेलेला म्हैसूरपाक तिनं ‘कशाला त्रास घेतला’ म्हणत बाजूला ठेवला. पुढचे दोन रविवार हेच. पहिल्यांदा हसू आलं, मग फार लागलं. घरी येऊन मी चक्क रडले.

शेवटी मी स्वतःच्या नावानं लुडोत शिरले. हुबळीची बाई गावाला गेली होती, तिची जागा धरली. तासभर आत्या मला चॅटवर ‘अहो’च म्हणत होती. मग तिची शेवटची सोंगटी घराच्या वळणापाशी आली आणि मी ती मारली.

मग अक्षरं उमटली: “घरी ये मेले, हातच मोडते तुझे. कॉफी ठेवलीया.”

‘हात मोडते’ यंत्रानं लगेच पकडलं. प्रकरण नात्यातलं म्हणून नियमाप्रमाणं पुण्याला गेलं. टीम लीडचा एका ओळीचा प्रश्न आला, हेही प्रेमच समजायचं का? मी ‘होय’ लिहिलं आणि रिक्षा पकडली.