आमची बातम्यावाली

ऑफिसात समीक्षा ‘अँकर’, ओळखपत्रावर ‘वृत्तनिवेदिका’ आणि मिठबावच्या वाडीत ‘आमची बातम्यावाली’. कणकवलीच्या केबलवर ती दिसली की शेजारची तुळसाकाकी कौतुकाने टीव्हीलाच हात जोडायची.

त्या संध्याकाळी बुडालेल्या होडीची बातमी हातात आली. मृतांच्या यादीत काकीच्या मुलाचं, मंगेशचं नाव होतं. एव्हाना घरी कळलं असणारच, असं धरून समीक्षाने ते वाचलं. आवाज जराही कापला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. जळलं मेलं ते कौतुक!

कारण असली बातमी आईच्या तोंडावर फेकायची वाडीत रीत नाही. सगळे अंगणात गप्प उभे राहून काकीच्या भावाची वाट बघत होते. तो येणार, बहिणीला धरून बसवणार, मग सांगणार. आत काकीने रोजच्यासारखा टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी समीक्षा भेटायला गेली. वाटभर एक वाक्य जुळवत ती उंबऱ्यावर पोचली. काकीने मान वर केली. ती रडली नाही की ओरडली नाही. तिने फक्त विचारलं,

“आता आणि कोणाचा नाव सांगूक इलंस गो?”