दप्तराचं कुणी सांगितलं?

शेजारच्या लग्नघरातून ओल्या हळदीचा वास आला आणि मला देगलूरचा तो हॉल आठवला.

आमचा नृत्यगट गावोगावच्या मुलींशी बोलून नाच बसवायचा. त्या दुपारी बालविवाहावरचा प्रयोग होता. अंगभर हळद माखलेली मी दप्तर छातीशी कवटाळून कोपऱ्यात सरकत होते. पहिल्या रांगेतली एक बाई माझ्यावरची नजर हटवत नव्हती.

प्रयोग संपताच ती थेट पडद्यामागे आली.

"ते दप्तराचं कुणी सांगितलं तुला? माझ्या पोरीनं?"

तिच्या पोरीनंच सांगितलं होतं. पण नाव न सांगण्याचा आम्ही शब्द दिला होता.

"लई पोरी असंच सांगतात, मावशी," मी म्हणाले.

"खोटं बोलायलीस तू." ती माझा चेहरा निरखत राहिली. मग हळूच म्हणाली, "अजून काय म्हणली ती?"

ही घरी जाऊन पोरीला मारणार, या संशयानं मी हळद पुसायला वळले. ती निघून गेली.

पुढच्या वर्षी ती मुलगी लग्न टळून दहावीला बसल्याचं कळलं, तेव्हा ते यश मी आमच्या प्रयोगाचं मानलं.

आज माझी लेक तेवढी झालीय. काही विचारलं की दार लावून घेते. आता वाटतं, लेकीनं जे घरात सांगितलं नव्हतं, तेच ऐकायला ती बाई माझ्याकडे आली होती.