समुद्राकडे पाठ

श्रीवर्धनला जाऊन समुद्राकडे पाठ करून उभा राहणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला म्हणून आम्हाला त्यांनीच आपल्या जीपमधून नेलं. ताम्हिणी उतरून, माणगाव मागे टाकून आम्ही किनाऱ्यावर पोचलो. मावळतीचा सूर्य, मागे लाटा, शेजारी नवी नवरी असा सगळा थाट जमवून मी उभा राहिलो आणि मामांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. घरी आल्यावर फोटो पाहतो, तर त्यात एक पाववाला सायकलच्या सीटवरची वाळू फडक्याने झाडत होता. उजव्या कडेला गुलाबी मांसल असं काहीतरी दिसत होतं. मामा मोठ्या आदबीने म्हणाले, "ह्ये कोपर तुमचंच हाय, पाव्हणं." माझ्या बायकोने तो फोटो चौकटीत घालून हॉलमध्ये लावला आहे. पाववाला सुरेखच आलाय, हे मलाही कबूल करावं लागतं.

मामा मुळशीतल्या माण गावचे. जमिनी आयटी पार्कात गेल्या तेव्हा गावात ज्याने त्याने काही ना काही घेतलं. कुणी गळ्यात न मावणारी साखळी घेतली, कुणी गल्लीत न मावणारी गाडी. मामांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या आणि स्वतःसाठी कॅमेरा घेतला. त्याचा मूळचा पट्टा त्यांना फारच दिखाऊ वाटला म्हणून त्यांनी तो काढून टाकला आणि म्हशीच्या दाव्यातून उरलेली दोरी ओवली. पायजमा, टोपी आणि छातीवर दाव्याला बांधलेला कॅमेरा अशा अवतारात हा गृहस्थ दर दीड-दोन महिन्यांनी श्रीवर्धनला निघतो. जाताना हाताला लागेल त्याला जीपमध्ये घालतो आणि तिथे पोचल्यावर त्याला साफ विसरून जातो. एकदा मामींनाच एसटी स्टँडवर विसरून आले होते. मामींना राग त्याचा नव्हता. "तितल्या कोळणी यांस्नी लांबनं वळखत्यात," त्या मला म्हणाल्या, "आन् हितं शेजारच्या खोलीत कोन ऱ्हातंय, त्ये इचारा की एकदा!"

फोटोतल्या माणसाने कॅमेऱ्याकडे पाहिलं की फोटो नासला, असं मामांचं ठाम मत. म्हणून ते नाना सोंगं करायचे. बंद मोबाइल कानाला लावून कुणाशी तरी भांडायचे, चपलेतला खडा काढायला वाकायचे, नाहीतर "एसटी स्टँड कुटं आलं?" असं विचारून समोरचा हात करून दाखवेपर्यंत बटण दाबायचे. हा प्रश्न त्यांनी गावाला इतक्यांदा विचारला होता, की पुढे पुढे मामा दिसले की लोक न विचारताच स्टँडकडे बोट दाखवू लागले. एक मासळीवाली मात्र त्यांना पुरून उरली. मामा कोपऱ्यावर दिसले की ती हातातलं काम टाकून पदर सारखा करायची, केसांत फुलं माळायची आणि नवरीसारखी बसून राहायची. मामा हताश होऊन पुढे जायचे. परत येऊन पाहावं तर बाई तशीच बसलेली, आणि समोर गिऱ्हाइकं खोळंबलेली.

पुढच्या फेरीला मामा सगळ्यांचे फोटो छापून घेऊन जात आणि ज्याचे त्याला वाटत. लोक घेऊन बघत आणि चिडत. कुणी जांभई देताना आलेला, कुणी नाक शिंकरताना. एक न्हावी तर फोटोत स्वतःच्याच खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला होता. तो वस्तरा हातात घेऊनच उठला म्हणतात. पण त्यानंतरच्या वेळी मी गेलो तेव्हा तोच फोटो त्याच्या आरशाच्या वर लावलेला मी डोळ्यांनी पाहिला. बाकी समुद्र मात्र मामांच्या एकाही फोटोत सापडायचा नाही. मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा त्यांनी मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "पाव्हणं, जे जातंय त्याचा फोटू काढावा. ह्यो पाववाला उद्या दिसंल का न्हाई, सांगता यायचं न्हाई. समुद्र कुटं जातुया?" मी मान डोलावली. आता वाटतं, तेव्हा काहीतरी सुचायला हवं होतं.

मामांच्या थोरल्या बहिणीला सगळे आक्का म्हणतात. त्या घोटावड्याला दिलेल्या. गेली काही वर्षं मोतीबिंदूने त्यांना धूसर दिसायचं आणि त्यामुळे माहेरी येणंही सुटलं होतं. यंदा दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मामांनी त्यांना हौसेने माणला आणलं. आक्कांना काय बघू आणि काय नको असं झालं होतं. पहिल्याच सकाळी त्या गच्चीवर गेल्या. बराच वेळ इमारतींकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, "आरं, आपली हीर कुटं दिसंना?"

ती विहीर मामांनी स्वतःच बुजवली होती. दुसरी इमारत उठली तेव्हा भाडेकरूंच्या गाड्या लावायला जागा नव्हती. आता तिथे सिमेंटचे ब्लॉक बसवलेले आहेत आणि मोटारसायकलींची रांग उभी असते. मामांनी चाचरत हे सांगितलं. आक्का रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे, नड आसती," एवढंच म्हणाल्या. आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "तू तर येवडा फोटूवाला. हिरीचा फोटू आसंलच. त्यो दाव. माजं समदं ल्हानपन तितं गेलं, आता डोळं आल्यात तर एकदा बगू दे."

मामांकडे श्रीवर्धनचे फोटो पोत्याने होते. आपल्या विहिरीचा एकही नव्हता. कॅमेरा आल्यावरही विहीर काही वर्षं दारात होती, रोज सकाळी ते तिच्या काठावर बसून दात घासत होते. पण फोटो नव्हता.

मग शोध सुरू झाला. मामा घरोघर फिरून जुने अल्बम मागू लागले. नेऱ्याच्या पाहुण्यांपर्यंत जाऊन आले, मलाही दोन रविवार बरोबर फिरवलं. फोटो निघाले, नाही असं नाही. पण एकात नवा ट्रॅक्टर आणि त्याच्यापुढे हार घातलेलं अख्खं कुटुंब, मागे विहिरीचा दगडसुद्धा दिसेना. दुसऱ्यात बारशाच्या बायका रांगेने उभ्या. "बगा, पोज दिऊन मानसं आडवी येत्यात म्हनून मी सांगत व्हतो का न्हाई?" मामा भर दुःखातही मला ऐकवायचे. शेवटी एका मित्राकडे खरोखर विहिरीवरचा फोटो सापडला. त्यात ऐन जवानीतले मामा कमरेवर हात ठेवून, छाती काढून कॅमेऱ्याकडे बघत उभे होते. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला. "समदी हीर मीच झाकलीया की वो," ते म्हणाले, आणि फोटो मित्राच्या हातात परत देऊन जीपकडे चालू लागले.

यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्यासारख्या माणसालाच सुचावं. श्रीवर्धनच्या एका वाडीतली विहीर त्यांनी हुडकून काढली. तिच्यावर एक बाई पाणी शेंदत होती. खोलीतल्या एका भाडेकरू पोराकडून त्यांनी तो फोटो कॉम्प्युटरवर साफ करून घेतला. "अंकल, नारियल हटा दिया," पोरगं म्हणालं. मोठा फोटो छापून मामांनी तो आक्कांच्या हातात दिला आणि लांब दाराशी जाऊन उभे राहिले. आक्कांनी तो उजेडात धरला. नवे डोळे, त्यांना काही सुटेना. "पान्यात ह्या झावळ्या कुटनं आल्या रं?" त्यांनी विचारलं. झाडं काढली होती, त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब तसंच राहिलं होतं.

मामांनी मान खाली घातली. आक्का मात्र फोटो खाली ठेवीनात. "आपली न्हाई ही," त्या म्हणाल्या. "पर ह्या बाईनं पदर कसा खवसलाय बग. आमी बी आसाच खवसायचो. आन् घागर आशीच काठावर टेकवायचो, दम खायला." मग त्यांनी बाकीचे फोटो मागितले. दुपारभर त्या एकेक बघत होत्या. पायरीवर एकमेकींच्या उवा बघणाऱ्या बायका, कोंबडीमागे धावणारी म्हातारी, दुकानाच्या फळीवर झोपलेला माणूस. "ह्ये समदं आपल्याकडं बी व्हतं की," त्या म्हणाल्या. "मंग आपलं का न्हाई काडलंस?"

मामांनी पसरलेले फोटो गोळा करायला घेतले. मग म्हणाले, "मला वाटलं, हीर कुटं जातीया?"

मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना. लग्न झाल्यापासून थट्टा केली या माणसाची, पण त्या दुपारी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. जावयाने तो कसा ठेवावा हे न कळल्याने मी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का स्वतःच म्हणाल्या, "कुटं व्हती, जागा तरी दाव." मामांनी त्यांना हाताला धरून खाली पार्किंगमध्ये नेलं आणि एक मोटारसायकल ढकलून बाजूला घेतली. "हितं," ते म्हणाले. आक्कांनी पदर कमरेला खोचला, गुडघ्यांवर हात टेकले आणि पाणी किती आहे ते बघायला वाकावं तशा त्या ब्लॉकांवर वाकल्या. मामांनी कुठलंही सोंग न करता कॅमेरा डोळ्याला लावला. आक्कांनी वर पाहिलं नाही.

तेव्हापासून मामांच्या श्रीवर्धनच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत. आता सकाळी ते माणमध्येच फिरतात. खोल्यांबाहेरच्या चपला, गच्चीवरचे कपडे, कंपनीच्या बसची वाट बघत उभ्याने पोहे खाणारी पोरं. कुणी पोज द्यायला लागलं की खेकसतात, "तुम नाश्टा करो. कल तुम किदर जायेगा, क्या मालूम!"

आक्कांचा तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी तो कुणाकुणाला दाखवतो. दोन मोटारसायकलींच्या मधे एक म्हातारी वाकून जमिनीकडे बघते आहे. लोक विचारतात, आजींचं काही पडलंय का तिथे? मी नुसतं हो म्हणतो.