येसूबाईनं घातलेले फोटोचे वाटे

करावे गावात मासळीचे वाटे घालावेत ते येसूबाईनंच. होडी लागली की ती चटईवर ढीग मांडत जायची, कोलंबी इकडं, बोयटं तिकडं, बारक्या मासळीच्या ढिगात चार जास्त, आणि कुणी तोंड वाकडं केलं असं कधी झालं नाही. नियम एकच. वाटे घालणारीनं आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. नवरा गेल्यावर याच इमानावर तिनं एकटीनं लेक वाढवली. आणि त्याच इमानानं पुढं तिला कसं गोत्यात आणलं, ते ऐका.

साठ सालच्या सुमाराला लेकीचं, सगुणाचं, लग्न झालं. सासर उरणच्याही पलीकडं, होडीनं जायचं, म्हणजे वर्षातून एकदा भेट झाली तरी खूप. म्हणून येसूबाईनं मुद्दाम पनवेलहून फोटोवाला आणवला. लेकीचं तोंड रोज भिंतीवर दिसावं, एवढीच तिची हौस. पण काळ्या फडक्यात डोकं घालणारा माणूस आलाय म्हटल्यावर अख्खं गाव मांडवात येऊन उभं राहिलं. "येसूबय, आमाला मिलंल ना फोटो?" असं जो तो विचारी, आणि लग्नाच्या गडबडीत ही बाई सगळ्यांना "मिलंल, मिलंल" म्हणून बसली.

यथावकाश फोटो आला, आणि आला तो एकच. फोटो छापायची काच टांग्यातून पडून फुटली, आता दुसरी प्रत निघणार नाही, असा फोटोवाल्याचा निरोप. दुसरं गाव असतं तर लोक फोटो बघून, दोन शब्द बोलून घरी गेले असते. कराव्यात कबूल केलेला वाटा म्हणजे वाटा.

"नुसता दाखवतेस काय वयनी?" गोटीराम म्हणाला. हा येसूबाईचा चुलत दीर, गावात वजन असलेला माणूस. "जाल्यातली मासली दाखवून परत कोन ठेवतं? वाटे घाल."

फोटोचे वाटे कसे घालतात हे काही कुणाला ठाऊक नव्हतं. पण येसूबाईला वाटे घालता आले नाहीत, असं गावानं म्हणावं? छे, ते तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तिनं शिंप्याकडून कात्री मागून आणली.

वेडेपणा म्हणावा, तर सगळं अगदी न्यायानं चाललं होतं. पुढच्या ओळीतली तोंडं मोठी, मागच्यांची चिंचोक्याएवढी, म्हणून मागचे कुरकुरले. तेव्हा बारक्या तोंडावर मांडवाचा एक तुकडा वरून द्यायचं ठरलं. कमळाकरला तोंड आणि केळीचं अर्धं पान मिळालं. विमलबाईच्या खांद्यावर शेजारी उभ्या राहिलेल्या पुतळाबाईचा हात होता. हात पुतळाचा खरा, पण हातातल्या बांगड्या विमलबाईकडून उसन्या आणलेल्या. दोघी दुपारभर बोलत होत्या, शेवटी बोटं पुतळाला आणि बांगड्या विमलबाईला गेल्या. तुर्भ्याचा धर्मराज मिठागरांतून चालत आला. तो फोटोत गोटीरामच्या मागं उभा, त्यामुळं त्याचा नुसता कान दिसत होता. त्यानं तो कान टोपीच्या घडीत ठेवला, चहा प्याला आणि समाधानानं परत गेला.

येसूबाई वरून शांत होती, आत जीव टांगणीला लागलेला. कात्री कडेकडेनं फिरत मधल्या दोन खुर्च्यांजवळ येत होती. नवरानवरीला मात्र कुणी मागत नव्हतं. शेवटचा वाटा आपला, म्हणजे सगुणा आपली, असं तिनं मनाशी धरलं होतं. अखेर फक्त जोडी उरली, तेव्हा तिनं कात्री खाली ठेवली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसऱ्याच दिवशी होडीतून विहीण उतरली. शेवंताबाई. हातात पत्र्याची इवलीशी चौकट.

"जोडी आता आमच्या घरची हाय," ती म्हणाली. "तो वाटा आमचा."

लेकीच्या सासूला नाही कसं म्हणायचं? म्हटलं असतं तर येसूबाई ते विसरून गेली असती, पण तिकडं सगुणाला रोज ऐकावं लागलं असतं. तिनं फोटो पुढं केला. चौकट लहान पडली. "पाय कशाला? गुडघ्यापावत बस झालं," विहीण म्हणाली, आणि येसूबाईनं आपल्याच हातानं गुडघ्याखालून कात्री फिरवली. डोळे भरून आले होते, म्हणून ती जरा तिरकी गेली.

उरले चार पाय. त्यातले दोन नवरदेवाच्या बुटातले. ते तिनं वेगळे कापून त्याच होडीनं पाठवून दिले, कारण बूट त्यांचे.

राहिलेले दोन पाय तिनं चौकटीत घालून भिंतीवर लावले. अनवाणी, जोडवी घातलेले, डावी करंगळी जरा वाकडी. लहानपणी खाडीत कालवं काढताना कापली होती ती. पण आल्यागेल्याला हे काय कळणार? बेलापूरचा एक भजनी बुवा पाणी प्यायला थांबला, त्यानं हात जोडले आणि पाय कुठल्या देवीचे म्हणून विचारलं. येसूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. हळूहळू तिथं नारळ यायला लागले. एक तर खुद्द गोटीरामनं ठेवला, आणि वाटे घालताना हाच समोर बसलेला होता.

गौरीला सगुणा माहेरी आली. भिंतीकडं बघून पोट धरून हसली. "आये, माजा तोंड कुठं हाय?"

"तोंड तुज्या सासूला दिला," येसूबाई म्हणाली. "पाय ठेवून घेतले. इकडं यायला लागतील ना."

सगुणाचं हसू थांबलं. ती आईच्या पुढ्यात पाय पसरून बसली. येसूबाईनं त्या वाकड्या करंगळीवर हात ठेवला. बाहेरून गोटीराम हाका मारत होता, होडी आली, वाटे घालायला चल म्हणून. तिनं हात काढला नाही. त्या दिवशी वाटे दुसऱ्याच कुणीतरी घातले, आणि गावात भांडणं झाली.