तासाचे छप्पन्न रुपये सत्त्याऐंशी पैसे

मार्चचा दुसरा रविवार. वेळ सकाळी साडेदहा; प्रत्यक्षात अकरा वाजून दहा मिनिटं. स्थळ: कानडी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहामागची खोली, जिथे एक लोखंडी कपाट, एक पंखा आणि गेल्या गणपतीच्या मखराची कमान दाटीवाटीने राहतात.

उपस्थित: अध्यक्ष, ज्यांना लहानथोर सगळे अण्णा म्हणतात. खजिनदार, आठ वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले, आयटीतले, लॅपटॉपसह. भोजन समितीच्या अक्का. मी, मंडळाचे हिशेब लिहिणारी. अनुपस्थित: कार्यवाह, कळवून.

कार्यवाह नसले की इतिवृत्त मी लिहिते. ते असले तरी मीच लिहिते, पण तेव्हा सही त्यांची असते. त्या दिवशी विषय दोनच होते. एक, पाडव्याचं जेवण. दोन, हंगामी हिशेबनिसाचं मानधन. हिशेबनीस म्हणजे मी. स्वतःचा भाव ठरताना तो शुद्ध भाषेत टिपून घ्यायची संधी सगळ्यांना मिळत नाही.

हे काम मी बारा वर्षं करते आहे. एप्रिल ते जून, आठवड्यातले चार दिवस, येलहंक्याहून बसने. वर्षभराच्या पावत्या लावायच्या, मेअखेर देणगीदारांचं विवरण भरायचं, जूनअखेर वह्या ऑडिटरच्या हाती द्यायच्या. आंबे आणि मी एकाच वेळी बाजारात येतो. आंब्याचा भाव मात्र दर वर्षी नव्याने ठरतो.

माझ्या भावाची पद्धत अशी. जूनच्या शेवटच्या दिवशी अण्णा कपाटाकडे बघत विचारतात, "मग, तुझं काय ते सांग." मी म्हणते, "द्याल ते." ते पाकीट देतात. पाकिटासोबत ब्लाउजपीस आणि नारळ. पहिल्या वर्षी आठ हजार होते, मग दहा, आणि गेली सहा वर्षं बारा. या सहा वर्षांत नारळ केवढा महागला ते बाजारात जाणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणजे काही वाढ मला न मागता मिळत होतीच.

मागच्या हंगामात मी डायरीच्या शेवटच्या पानावर तास लिहून ठेवले. हेतू काही नव्हता. मी दुधाच्या पिशव्यांचीही नोंद ठेवते. जूनअखेर बेरीज आली दोनशे अकरा तास. बारा हजार भागिले दोनशे अकरा, तासाचे छप्पन्न रुपये सत्त्याऐंशी पैसे. भागाकार दोनदा केला. उत्तर बदललं नाही.

फेब्रुवारीत बोम्मसंद्र्याहून फोन आला. तिथल्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं अकाउंट्स सांभाळले होते. त्याच्या शेजारच्या युनिटच्या मालकांना वर्षअखेरच्या कामासाठी माणूस हवा होता. एप्रिल ते जून, तासाला अडीचशे. त्यांनी तेवढं सांगितलं आणि उत्तरासाठी मार्चअखेरची मुदत दिली. त्यांना माझ्याबद्दल आदर वाटतो की नाही हे त्यांनी सांगितलं नाही.

अडचण एकच. येलहंका शहराच्या एका टोकाला आणि बोम्मसंद्रा दुसऱ्या. जाऊन येऊन पाच तास, तेही रस्ता शहाण्यासारखा वागला तर. शिवाय मंडळाच्या वह्या मला पाठ आहेत आणि त्या सोडवत नाहीत, हेही खरं आहे. म्हणून शनिवारी मी डायरीत लिहिलं: मागायचे अडीचशे. दोनशेच्या खाली नाही. "द्याल ते" म्हणायचं नाही. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. दोनशेच्या खाली गेलं, तर बोम्मसंद्र्याची बस.

पहिला विषय निघाला. आचारी आमच्यातलाच, कन्नडमिश्रित मराठी बोलणारा. दारात चप्पल काढून आत आला, घडी केलेला कागद अण्णांपुढे ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं, "सामान तुमचं. मजुरी माझे नऊ हजार. मदतीला चार जण, माणशी बाराशे. निम्मे आज."

अण्णा म्हणाले, "अरे, घरचं कार्य आहे. स्वल्प कमी कर."

"आगल्ला, अण्णा. जमणार नाही. तुम्ही दुसरा बघा."

एवढं बोलून त्याने खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि मखराच्या कमानीकडे बघत राहिला. चौघांपैकी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौथी मी, लिहीत होते.

"सरी, चालेल," अण्णा म्हणाले. "पण श्रीखंड घट्ट पाहिजे."

एकूण तेरा हजार आठशे, एका दिवसाचे. विषयाला लागलेला वेळ चार मिनिटं. आचाऱ्याला कोणी त्याचा अनुभव विचारला नाही, सेवाभाव तर नाहीच. खजिनदार आगाऊ रक्कम फोनवरून पाठवू लागले, पण ओटीपी येईना, तेव्हा आचारी कॉफीचा पेला घेऊन दाराशीच टेकला.

दुसरा विषय.

खजिनदारांची एक सवय मला आधीपासून माहीत आहे. ताळेबंद हवा असला की मी "मॅडम" असते. पैशाचा विषय निघाला की "काकू".

"काकू," त्यांनी सुरुवात केली, "आपण हे थोडं ऑब्जेक्टिव्हली बघू या. मी बेंचमार्क काढलाय. फ्रेशर अकाउंटंट, पार्ट टाइम..."

"मी फ्रेशर नाही."

"नाही नाही, एक रेफरन्स म्हणून. तसंही इथे व्हॉलंटरी स्पिरिट हा पार्ट आहेच ना."

अक्का मायेने म्हणाल्या, "तुला कशाला गं एवढी पैशाची काळजी? मिस्टरांचं पेन्शन येतंय. मुलगा लागलाय."

मिस्टरांचं पेन्शन माझ्या कामाच्या दरातून वजा करायचं, ही नोंद कोणत्या खात्यावर टाकतात ते मला अठरा वर्षांत शिकवलं नव्हतं. मी दाराकडे बोट केलं. "यांच्या घरात किराणा दुकान आहे, अक्का. त्यांना विचारलं नाहीत."

"त्याचं वेगळं गं."

"जेवण बिघडलं तर दोनशे माणसं तोंडावर बोलतात," अण्णांनी वेगळेपण समजावलं. "हिशेब बिघडला तर कुणाला कळतंय?"

"आयकर खात्याला," मी म्हटलं.

इतिवृत्तात लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.

मग खजिनदारांनी सॉफ्टवेअर काढलं. महिना नऊशे रुपये. फोटो काढायचा, नोंद आपोआप होते. मला हे आवडलं, कारण त्याला घरी मिस्टर नव्हते. मी कपाट उघडलं आणि गेल्या वर्षीच्या खोक्यातली एक पावती त्यांच्यापुढे ठेवली. पावती म्हणजे लग्नाची पत्रिका. तिच्या पाठीवर अण्णांच्या अक्षरात: पाच हजार, शनिवारी, उंच गृहस्थ.

खजिनदारांनी उत्साहाने फोटो काढला. पडद्यावर चाक फिरत राहिलं. अण्णांचं अक्षर सॉफ्टवेअरला लागलं नाही. तेव्हा त्याने पत्रिका उलटवून मागितली, आणि पुढच्या बाजूच्या मजकुरावरून ती देणगी खर्चाच्या "विवाह समारंभ" या सदरात टाकली.

"अण्णा, तुमच्या मंडळाने लग्न केलं," दारातून आचारी म्हणाला.

"हे उंच गृहस्थ कोण होते ते शोधायला मी अकरा फोन केले," मी सांगितलं. "दोन तास गेले. त्यांचा पॅन नंबर मिळवायला आणखी एक. ते तास यात आहेत." डायरीचं शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं. दोनशे अकरा. खाली भागाकार.

अक्कांनी चष्मा लावून वाचलं. "छप्पन्न? आमची भांडीवाली नाही येणार छप्पन्नात." हे त्यांनी माझ्या बाजूने म्हटलं की भांडीवालीच्या, ते कळलं नाही. पण आवाजात पहिल्यांदा माया नव्हती, आणि मला तेच बरं वाटलं.

अण्णा पानाकडे न बघता म्हणाले, "हे बघ, तू घरची आहेस. तूच सांग ना, काय ते."

हीच ती जागा. बारा वर्षं याच जागी मी दोन शब्द बोलत आले होते. ते दोन शब्द जिभेवर आलेही. सवय अशी, की चेहरासुद्धा आधीच हसरा झाला होता.

"तासाला अडीचशे," मी म्हटलं. मग पेन उचललं आणि मखराच्या कमानीकडे बघत बसले. थर्माकोलची आहे. डाव्या बाजूचा मोर उडाला आहे.

खजिनदारांनी गुणाकार केला. "फिफ्टी टू थाउजंड?"

"बावन्न हजार सातशे पन्नास. गेल्या वर्षीच्या तासांनी."

"मॅडम, हे बजेटमध्ये बसत नाही."

पुन्हा मॅडम झाले, याची मी मनात नोंद घेतली. त्यांनी शंभर सुचवले. मी कमानीकडे बघत राहिले. त्यांनी दीडशे सुचवले, आणि सोबत प्रशस्तिपत्र. अण्णा कळवळून म्हणाले, "स्वल्प कमी कर गं."

"आगल्ला, अण्णा. तुम्ही दुसरा बघा."

दारात आचारी मोठ्याने हसला. "मीही दुसरा बघा म्हणालो होतो, बघितला नाहीत," तो अण्णांना म्हणाला. "शोधायचा त्रास कोण घेणार?"

त्यानंतर अण्णांनी कपाटाकडे पाहिलं. आत बारा महिन्यांची खोकी, सुतळीने बांधलेली. कोणत्या खोक्यात काय आहे हे सांगू शकणारं माणूस खोलीत एकच होतं, आणि ते या क्षणी थर्माकोल बघत होतं. अण्णांनी एका खोक्याची सुतळी चाचपली. मग म्हणाले, "दोनशे. त्याच्या वर मला कार्यकारिणीला तोंड देता येणार नाही."

मी पाच सेकंद थांबले. थांबायची गरज नव्हती, पण आचारी बघत होता. "सरी," मी म्हटलं.

"म्हणजे आता ब्लाउजपीस नाही ना द्यायचा?" खजिनदारांनी विचारलं. त्यांचं बजेट बसवायचं चाललं होतं.

"नारळ राहील," अण्णा म्हणाले. यावर एकमत झालं.

ठराव मी लिहिला: तासाला दोनशे रुपये, दर आठवड्याला तासांचा तक्ता खजिनदारांनी तपासावा, तसं नेमणुकीचं पत्र अध्यक्षांनी मार्चअखेरीच्या आत द्यावं. वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. खजिनदार लॅपटॉप मिटत म्हणाले, "ग्रेट. लेटरचा ड्राफ्ट मॅडमच करतील."

यात त्यांचं काही चुकलं नाही. मंडळाची सगळी पत्रं मीच करते. सभागृहाच्या भाड्याची, आभाराची, शोकसंदेशाची. अण्णांच्या सत्काराला अण्णांनी दिलेलं उत्तरही माझंच होतं, आणि ते ऐकून अण्णांचे डोळे भरून आले होते.

"नाही," मी म्हटलं. "मला कामावर ठेवायचं काम माझं नाही. पत्र आलं की एक एप्रिलला कपाट उघडेन."

कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीसारखी पर्समध्ये टाकली. तेवढ्यात आचाऱ्याचा ओटीपी आला.

पाडवा झाला. श्रीखंड घट्ट होतं. शेवटची पंगत उठायच्या आत आचाऱ्याची उरलेली निम्मी रक्कम त्याच्या खात्यात होती, आणि ते योग्यच होतं. मी पंक्तीत वाढत होते, विनामूल्य. अण्णा कोशिंबिरीशी थांबून म्हणाले, "ते पत्राचं काय झालं?"

"तुमच्याकडे आहे, अण्णा."

"माझ्याकडे? पाठवलंस तू?"

"तुम्ही लिहायचंय."

ते थोडे ओशाळले. "अगं, चार ओळींचं तर आहे. तू मसुदा करून दे, मी सही करतो."

"वीस मिनिटं लागतील. दर तुम्हाला माहीत आहे."

"म्हणजे पत्र लिहायच्या वेळेचेही?"

"हो. पण पत्राशिवाय दर लागू होत नाही. म्हणून मला लिहिता येत नाही."

अण्णा यावर विचार करत पुढच्या पंक्तीकडे गेले. चालता चालता त्यांनी कोशिंबीर मागितली नाही, यावरून विचार गंभीर असावा.

आज मार्च संपायला दोन दिवस उरलेत. बोम्मसंद्र्याच्या मालकांनी सकाळी निरोप पाठवला, "उद्या संध्याकाळपर्यंत कळवा." अण्णांनीही परवा फोन केला होता. सुरुवात "प्रति" ने करायची की "प्रिय" ने, हे विचारायला. मी सांगितलं नाही. त्यांना राग आला नाही, ते फक्त थकल्यासारखे वाटले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला मी हे करायला लावते आहे, हेही माझ्या डोक्यात आहे.

खरं सांगायचं तर पत्र तयार आहे. डोक्यात, तीन प्रकारे. तिसरं सगळ्यात चांगलं, साडेचार ओळींचं. टाइप करायला वीस नाही, सहा मिनिटं पुरतील. रात्रीच्या आत यादीतलं प्रत्येक काम खोडल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मिस्टर सकाळी यादीवरून नजर फिरवत म्हणाले, "हे एक करून टाक की. किती दिवस बघतोय." मी त्यांना चहा दिला.

आजची यादी. गॅस बुक केला. विजेचं बिल भरलं. शिंप्याकडून ब्लाउज आणला, गेल्या वर्षीच्या मंडळाच्या ब्लाउजपीसचा. बाह्या तोकड्या झाल्यात. येलहंका ते बोम्मसंद्रा बसच्या वेळा लिहून घेतल्या. कपाटाची किल्ली पर्समध्ये आहे, पाहिली.

नेमणुकीचं पत्र: अण्णांनी लिहायचं आहे.