चांद्याच्या कचेरीतली काडीमोड

मीनल आणि तुषार, माझ्या नातवंडांनो,

मीनलचा घटस्फोट टोरांटोच्या कोर्टात झाला, पण तिकडचा निकाल इकडे कोण मानतो, असं मावशीनं तिला ऐकवलं म्हणे. म्हणून ही हकीकत आताच लिहिते. हाच प्रश्न मला एकदा उलट दिशेनं विचारला गेला होता.

वैनगंगेच्या डोंग्यात माझी पत्र्याची पेटी चढली, तेव्हा माझे बाबा काठावर उभे होते. "चांद्याले जाऊन शीक. इथी लोकाईच्या तोंडाले लागू नको," एवढंच म्हणाले. माझं लग्न लहानपणीच सीतारामभाऊंशी झालं होतं. त्यांना शेतात राबणारी बायको हवी होती आणि माझी शाळा सुटत नव्हती. शेवटी पंचांपुढे दोघांनी तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, काडी धरून मोडली. आमच्या जातीत तेवढ्यानं दोघंही मोकळी होत. गावाला त्यात वावगं काही वाटलं नाही; बोलणी होती ती माझ्या शिकण्यावर.

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. तिथे मी इंग्रजी शिकले, पुढे मुलींना शिकवू लागले आणि तुमच्या आजोबांशी माझा पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न झालं. त्यांना नैरोबीला रेल्वेत कारकुनी मिळाली. ते पुढे गेले, मी मागे राहिले, पोटात तुमचे बाबा. तिकडे जायच्या परवान्याच्या अर्जात आधी लग्न झालं होतं का, असं विचारलं होतं. मी खरं ते लिहिलं. नैरोबीहून उलट विचारणा आली, घटस्फोट कोणत्या कोर्टाचा? कोर्ट कुठलं! काडीमोड सिद्ध झाली नाही तर तिकडच्या लेखी मी अजून सीतारामभाऊंचीच बायको, आणि होणाऱ्या मुलाला बापाचं नाव नाही.

नवा हिंदू विवाह कायदा नुकताच आला होता. वकील म्हणाले, जातीची रूढी त्यात राखली आहे, पण ती कुणीतरी शपथेवर सांगायला हवी. मी बाबांना कळवलं. धानाची कापणी चालू होती, कोण येणार?

पण आले. पंचांतले म्हातारे महादूबुवा, आणि धुतलेलं धोतर नेसून सीतारामभाऊ. कचेरीत मॅजिस्ट्रेटनी रीत विचारताच बुवांनी बंडीच्या खिशातून तणसाची काडी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"काडी, साहेब. तुमच्यापुढं मोडून दाखवतो."

"एकदा मोडली ना?"

"मोडली. पण तवा साहेब नोते."

दारातला शिपाईसुद्धा हसला. साहेबांनी काडी बाजूला सारली आणि सीतारामभाऊंना विचारलं, ही तुमची बायको आहे का? मी भिंतीकडे पाहत होते. जुना राग काढायचा तर त्यांना हीच वेळ होती.

"नाई साहेब. दोघाईच्या मर्जीनं मोडली. माह्या घरी दुसरी बायको हाये. इले काऊन अडवून राह्यले? जाऊ द्या तिच्या मालकाकडं."

जबाब लिहून घेतला, शिक्का बसला. बाहेर आल्यावर सीतारामभाऊंनी विचारलं, तिकडं वाघ हायेत का? मी म्हटलं, वाघ नाहीत, सिंह आहेत. "मंग सांभाळून राय," म्हणाले आणि बुवांना घेऊन मोटारस्टँडकडे निघाले.

नैरोबीनं तो जबाब बऱ्याच खळखळीनंतर मानला. तुमचे बाबा तिथे जन्मले, आपल्या बापाच्या नावानं. शेजारी गुजराती, बाजारात स्वाहिली. सुकुमा नावाची तिथली भाजी मी लसूण-मिरचीवर परतायची आणि खाताना गावाकडची चव शोधायची. सुरुवातीला ती सापडत नसे. पुढे शोधणंच थांबलं.

मीनल, नैरोबी सोडून मी भारतात परतले त्याला कैक वर्षं झाली; तुझ्यासाठी इथल्या वकिलांना विचारलं. परदेशातला निकाल इथे मानताना, दोघांचं म्हणणं तिथे ऐकलं गेलं का आणि इथल्या कायद्यात बसेल असं कारण होतं का, हे पाहतात. तू आणि तुझा तेव्हाचा नवरा, दोघंही तिथे हजर होतात, दोघांची संमती होती. निकालाची प्रत घेऊन त्यांना एकदा भेट, पण मान खाली घालून जाऊ नकोस.

गावात आता आमचं घर नाही, शेतही नाही. सीतारामभाऊ गेले. त्यांच्या मुली मात्र दर दिवाळीला फोन करतात आणि मला आत्या म्हणतात.