ख्रिश्चन न दिसणारी मावशी

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. आजीच्या लाल चौकडीच्या लुगड्याला तोच वास होता. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट, मी शाळेत होते. मावशी मुंबईला डबिंग करायची; मराठी सिनेमातल्या नायिकांना आवाज तिचा, पडद्यावर नाव मात्र कधीच नाही. एकदा वसईच्या किल्ल्यात शूटिंग आलं आणि तिला पहिल्यांदा चेहरा दाखवायचं काम मिळालं, गावातल्या ख्रिश्चन बाईचं. आमच्या वसईच्या ख्रिश्चन बायका नेसतात तसं आजीचं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून ती गेली, मागे मी. दिग्दर्शक खेकसला, "ख्रिश्चन बाई सांगितली होती, ही कोण आणलीत?" मग तिच्या हातात फ्रॉक देऊन म्हणाला, "आणि मराठी जरा मोडकं बोला." मावशी म्हणाली, "साहेब, मी इथलीच ख्रिश्चन. आम्ही घरात, देवळात, म्हणजे चर्चमध्येही, मराठीच बोलतो," आणि फ्रॉक खुर्चीवर टाकून भर उन्हात घरी आली. तो दुसरीने घातला. पुढे त्याच सिनेमाच्या नायिकेच्या आवाजासाठी तिला बोलावलं. पोटासाठी गेली, काय बोलायला लावलं, ते घरी कधी सांगितलं नाही. परवा तो सिनेमा टीव्हीवर लागला. फ्रॉकवाली मोडकंतोडकं बोलत होती आणि नायिका तिला झापत होती, "आधी नीट मराठी शिक!" माझ्या मावशीच्या आवाजात.